सासूबाईंचा निराळा कप

आमच्या घरी पहाटे गजर लावावा लागत नाही. साडेपाचला मोरीतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला, की समजावं दूधवाला येण्याची वेळ झाली. पंधरा-वीस मिनिटं खोकून, खाकरून बेडका पडला की त्यांना बरं वाटे. "माझी प्रकृतीच कफाची गं," असं त्या म्हणत आणि आम्हीही ते मान्य करून टाकलं होतं.

उपाय केले नाहीत असं नाही. आल्याचा रस नि मध, हळद-दूध, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, परसातल्या अडुळशाचा काढा, सगळं झालं. तेवढ्यापुरता घसा मोकळा होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र त्या वाळू लागल्या. जिना चढताना मध्येच थांबू लागल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली, क्षय तर नसेल? घरात दोन मुलं! कुणाला काही न बोलता मी त्यांचा कप आणि ताट निराळं ठेवू लागले. चार दिवसांनी सासूबाईंनी आपला कप स्वतःच घासला, कोपऱ्यात पालथा घातला आणि म्हणाल्या, "इथंच ठेवत जा. मुलांच्यात नको." शाळेत आरोग्याचे धडे शिकवणारी मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्याच रात्री ह्यांना म्हटलं, "उद्या रजा टाका." सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला दिली. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर ही तपासणी करायलाच हवी, आणि तिथं ती मोफत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्षय हवेतून, खोकल्याच्या तुषारांतून पसरतो; कपबशीतून नाही." म्हणजे माझ्या निराळ्या कपाचा उपयोग शून्य, अपमान मात्र पुरेपूर.

थुंकीत जंतू निघाले नाहीत. मग छातीचा फोटो झाला, नळीत जोरानं फुंकायची तपासणी झाली. बाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही स्वयंपाक कशावर करत होता?"

"चुलीवर. गावाकडं चाळीस वर्षं."

"तंबाखू, विडी?"

"छे गं बाई! नुसती मशेरी."

ती मशेरी तव्यावर भाजताना स्वयंपाकघर कसं धुरानं कोंदून जातं, ते मी रोज पाहत होते.

दुखणं होतं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्यांचा जुना विकार. आपल्या श्वासनळ्यांना आतून बारीक लव असते. ती केरसुणीसारखी कफ वर लोटत असते. वर्षानुवर्षांच्या धुरानं ही लव निकामी होते आणि कफही जास्त होतो. रात्री आडवं झालं की तो साठतो, आणि सकाळी उठल्याबरोबर खोकून काढावा लागतो.

आता त्या रोज पंप ओढतात. "त्याची सवय लागते हो," असं शेजारणींनी घाबरवलं होतं. पण त्यातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडंच पुरतं. ओढून झाल्यावर चूळ भरायची एवढंच. सकाळी कोमट पाणी, उशाशी थोडा उंचवटा, मशेरी बंद. मशेरी सुटेपर्यंत महिनाभर घरात धुसफूस होती! झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं आवरता येतं.

मैत्रिणींनो, सकाळचा प्रत्येक कफ धुराचाच असतो असं नाही. नाकामागून घशात उतरणारी सर्दी, दमा, पोटातलं आम्ल वर येणं, अशीही कारणं असतात. घरगुती उपाय जरूर करा. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध आणि गरोदर बाईला अडुळसा देऊ नका. पण कफात रक्त दिसलं, बारीक ताप राहिला, वजन उतरलं किंवा धाप लागली, तर काढ्यात दिवस घालवू नका.

सासूबाईंचा कप आता मांडणीवर सगळ्यांच्या कपांत आहे. परवा घाईत मी त्याच कपातून चहा घेतला. त्यांनी पाहिलं, बोलल्या मात्र काही नाहीत. फक्त म्हणाल्या, "साखर कमी पडली का गं?"