तुटलेला पट्टा

शरीरांतील एखादा अवयव दुखूं लागेपर्यंत त्याचें अस्तित्व मनुष्याच्या ध्यानींही येत नाहीं. मोटारीचेंही तसेंच आहे. नऊ वर्षें मी माझी मोटार चालवीत आलों; पण तिच्या पोटांत दांते असलेला एक रबरी पट्टा आहे आणि तिचा सारा संसार त्याच्यावर चालला आहे, ही जाणीव मला गेल्या माघांत, पुण्याहून साताऱ्यास जातांना, शिरवळच्या अलीकडे झाली.

पट्टा केव्हां बदलावा हें मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत छापलें होतें, आणि सौभाग्यवतींनीं तो आंकडा घरच्या हिशेबाच्या वहींत उतरूनही ठेविला होता. तो उलटून बारा हजार किलोमीटर झाले होते. "अहो, तो पट्टा?" असें त्यांनीं दोनदां विचारलें होतें, आणि "चालतो आहे ना?" असें उत्तर मीं दोनदां दिलें होतें.

ताशीं ऐंशीच्या वेगांत असतांना टक्कन् आवाज झाला, इंजिनाचा सूर नाहींसा झाला, आणि मोटार आपल्याच ओघांत रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. अशा वेळीं शहाण्या माणसानें किल्लीला हात लावूं नये. मीं ती फिरविली. इंजिन नेहमींपेक्षां हलकें, पोकळ असें फिरलें. मीं ती पुन्हां एकदां फिरविली.

मोटार ओढून शिरवळच्या एका गॅरेजांत नेली. तेथील तरुण मिस्त्रीनें झांकण उघडण्यापूर्वींच विचारलें, "काका, बंद पडल्यावर सेल्फ मारलात का?"

"छे! मुळींच नाहीं," मीं म्हटलें.

सौभाग्यवती बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनीं एकवार माझ्याकडे पाहिलें, आणि मग त्या समोरच्या टायरांच्या राशीकडे पाहूं लागल्या.

ज्या वाचकांचा मोटारीशीं संबंध केवळ मागच्या बैठकीपुरता आहे, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. इंजिनांत पिस्टन वरखालीं होऊन क्रँक नांवाचा दांडा फिरवितात. वर कॅम नांवाचा दुसरा दांडा असतो. तो हवा आंत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे गॅरेजांतल्या भाषेंत व्हॉल्व्ह, उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा एक व्हावा, हा नियम पाळवून घेण्याचें काम पट्ट्याकडे असतें. वडिलांच्या काळच्या ॲम्बॅसिडर-फियाटमध्यें तें लोखंडी साखळी करीत असे. दांत्यांचा रबरी पट्टा १९६२ सालीं जर्मनींतील ग्लास कारखान्याच्या १००४ या मोटारींत प्रथम मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनांत आला. तो हलका, स्वस्त आणि मुका; साखळीसारखी कुरकुर करून आधीं सूचना देणें त्याच्या स्वभावांत नाहीं.

आतां कित्येक इंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला पिस्टन यांना एकच जागा आळीपाळीनें वापरावी लागते. चाळींतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडांनीं वेळा वांटून घ्याव्या, तशांतलाच हा प्रकार. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगांत प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळां माथ्याशीं येतो, आणि दर वेळीं झडप त्याच्या वाटेंतून दूर झालेली असते. पट्टा तुटतांच कॅम थांबतो. त्या क्षणीं उघड्या असलेल्या झडपा उघड्याच राहतात, आणि क्रँक मात्र फिरतच असतो. कांहीं इंजिनांत दोघांना पुरेल इतकी जागा ठेविलेली असते. तेथें नवा पट्टा घातला कीं भागतें. माझें इंजिन त्या भाग्यवंतांपैकीं आहे काय, असें मीं मोठ्या आशेनें विचारलें.

"नाहीं," मिस्त्री म्हणाला. "पण वाकलें आहे कीं नाहीं, तें बघितल्याशिवाय बोलणार नाहीं."

पट्टा कशानें तुटला, हें त्यानें आधीं शोधलें. पाण्याचा पंप हातानें फिरवून पाहिला. तो सुरळीत होता. पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीचें बेअरिंग मात्र खरखरत होतें. मग त्यानें चारही स्पार्क प्लग काढले, सारे पिस्टन अर्ध्यावर राहतील असा क्रँक फिरविला, आणि माथ्याशीं कोणीच नाहीं अशी खात्री करून कॅम त्याच्या खुणेवर आणला. क्रँकही हळूच खुणेवर आणून नवा पट्टा चढविला. नंतर लांब पाना लावून तो क्रँक फिरवूं लागला. झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा इतक्या सावकाश. जरा कोठें अडल्यासारखें वाटलें कीं थांबे, कानोसा घेई, आणि मग पुढें जाई.

तें मला पाहवेना. ज्या इंजिनाला हा परका मुलगा इतकें जपत होता, त्यालाच मीं दोनदां यंत्राच्या जोरानें गरगर फिरविलें होतें.

"मीं सेल्फ मारला होता," मीं म्हटलें. "दोनदां."

त्याचा हात थांबला नाहीं. "त्यानें फारसें बिघडलें नसेल, काका. वाकायचें तें वेगांत, पहिल्या क्षणींच वाकतें. पण इंजिन कांहीं बोलत नाहीं. मालक सांगेल तेवढेंच आम्हांला कळतें. वेग ऐंशी होता म्हणालांत, तें तरी खरें ना?"

"शंभर," मीं म्हटलें. वाचकांनाही मीं वर ऐंशीच सांगितलें आहे. त्यांनीं तो आंकडा कृपा करून दुरुस्त करून घ्यावा.

दोन पूर्ण फेऱ्यांत पाना कोठेंही अडला नाहीं. मला हायसें वाटलें. त्याला वाटलें नाहीं. एकेका सिलिंडरच्या साऱ्या झडपा मिटतील असा क्रँक लावून त्यानें प्लगच्या भोंकांतून हवेचा दाब सोडला, आणि मला मोटारीच्या मागें, धुराच्या नळीशीं बसविलें. पहिल्याच्या वेळीं कांहींच नाहीं. दुसऱ्याच्या वेळीं पुढून, हवा घेण्याच्या नळींतून, सापासारखा फूत्कार ऐकूं आला. तिसऱ्याच्या वेळीं धुराची नळी माझ्या गालावर गार वारा घालूं लागली. "येतो आहे का?" त्यानें विचारलें. "येतो आहे," मीं म्हटलें. आणि त्या दिवशीं पहिल्याच प्रश्नाला मीं खरें उत्तर दिल्याचें समाधान मला त्याही स्थितींत वाटलें.

चौथ्या दिवशीं हेड उतरलें. सोळांपैकीं सहा झडपा वाकल्या होत्या, आणि दोन पिस्टनांच्या माथ्यांवर द्वितीयेच्या चंद्रासारख्या बारीक कोरी उमटल्या होत्या. चार-पांच हजारांत होणारें काम पन्नास हजारांवर गेलें.

सौभाग्यवतींनीं तो खर्च वहींत लिहिला. शेजारीं शेरा कांहीं लिहिला नाहीं. त्याखालीं नवा पट्टा बसविल्याची तारीख आणि पुढचा आंकडा मीं माझ्या अक्षरांत लिहिला. त्यांनीं तो वाचला, पेन्सिल घेऊन त्यांतून दहा हजार वजा केले, आणि वही मिटली.