वलयाला धक्का न लावता

बेंझीनच्या वलयावर बसलेल्या नायट्रो गटाचा अमिनो गट करणे हे कार्बनी रसायनाच्या कारभारात इतके नित्याचे काम आहे की, त्यावर लेख लिहिण्यासारखे काय आहे असे कोणी विचारले तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. तथापि ज्याच्या हातून हे काम वर्षानुवर्षे झाले आहे, त्याला एव्हाना कळून चुकलेले असते की नायट्रो गट घालविणे सोपे, त्याचा शेजार राखणे कठीण.

1854 साली बेशाँ या फ्रेंच रसायनज्ञाने लोखंड आणि आम्ल वापरून हे क्षपण साधले, आणि रंगांच्या कारखानदारीचा पाया घातला गेला. त्यात खोट एकच, पण ती मोठी. हिशेब मांडला तर एक किलो अ‍ॅनिलीनमागे जवळजवळ दोन किलो काळे लोह-ऑक्साइड पदरी पडते. बायर कंपनीने पुढे याच गाळापासून रंगद्रव्ये काढून विकली. पण तेवढी अक्कलहुशारी आणि तेवढी बाजारपेठ सर्वांना कोठून असणार?

1984 साली प्रसिद्ध झालेली अमोनियम फॉर्मेटची रीत मला म्हणूनच प्रिय आहे. मेथॅनॉलमध्ये पदार्थ विरघळवावा, नायट्रोजनच्या आवरणाखाली कोळशावर बसविलेले पॅलेडियम, तेही पाण्याने भिजवलेले, घालावे, आणि मग फॉर्मेट थोडे थोडे सोडावे. चंबूत बारीक बुडबुडे उठू लागतात, अमोनियाचा वास येतो, आणि हायड्रोजनचे सिलिंडर दारातही न आणता खोलीच्या तपमानाला काम मार्गी लागते. घाई मात्र करू नये, कारण एका मोलमागे शेकडो किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि मोठ्या भांड्यात तिचा बंदोबस्त आधीच करावा लागतो. द्रावणाचा पिवळेपणा ओसरला म्हणजे कार्यभाग उरकला असेही नव्हे. हाबरने 1898 मध्येच दाखविले होते की नायट्रोपासून अमिनोपर्यंतच्या वाटेवर नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन अशी दोन ठाणी आहेत, आणि त्यांतले दुसरे तापविले असता स्फोटक ठरू शकते. तेव्हा टीएलसीची पट्टी सांगेपर्यंत हात आवरावा. गाळताना सेलाइटवरचा काळा थर क्षणभरही कोरडा पडू देऊ नये. मेथॅनॉलच्या वाफेत हवा लागताच तो पेट घेतो, आणि ही ताकीद नव्या उमेदवाराला पहिल्याच दिवशी द्यावी, मग तो कितीही पदव्या घेऊन आलेला असो.

एवढे गुणगान केल्यावर या पॅलेडियमची एक खोडही सांगितली पाहिजे. वलयावर क्लोरीन असला तर पॅलेडियम नायट्रो गटाबरोबर त्यालाही हुसकावून लावू पाहते, दुहेरी बंधांना सोडत नाही, बेंझिल गटाचीही गय करत नाही. म्हणजे ज्याला आपण सौम्य म्हणून डोक्यावर घेतले, तेच या मामल्यात दांडगे ठरते, आणि ज्याला रांगडे म्हणून हिणवले ते लोखंड क्लोरीनच्या केसालाही धक्का लावीत नाही. गंधकाने मंदावलेले प्लॅटिनम अशा प्रसंगी उत्तम, हे मला मान्य आहे, परंतु त्याची मागणी दफ्तरातून मंजूर होऊन येईपर्यंत काम खोळंबून राहते. तेव्हा क्लोरीनवाले वलय समोर आले की मी आजही निमूटपणे लोखंडाची पूड आणि अमोनियम क्लोराइडचे पाणी मागवितो, आणि गाळाच्या विल्हेवाटीचा खर्च तजविजीत आधीच धरतो.