कुसुंबाची लाली

नंदुरबारला जपानी मेपल जगत नाही. हिवाळ्यात पानं टाकून, काही आठवडे चांगल्या थंडीत निपचित राहिल्याशिवाय त्या झाडाचं पुढचं वर्ष सुरूच होत नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या गार रात्री त्याला कुठून पुरणार? आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की त्याच्या पातळ पानांच्या कडा करपून जातात.

तरीही मेपल म्हणून रोपं विकली जातात. आमच्या शेजारच्या वहिनींनी असंच एक मोठ्या हौसेनं आणलं होतं. पानं गर्द लाल, पंजासारखी कातरलेली. बॉन्साय करायचं म्हणून त्या ते माझ्याकडे घेऊन आल्या. मी पानांचे देठ पाहिले. ते फांदीवर एकाआड एक फुटले होते. मेपलची पानं नेहमी समोरासमोर, जोडीनं येतात. पुढे त्या रोपाला जास्वंदीच्या घराण्यातलं फूल आलं. ती लाल पानांची अंबाडीची जात होती. पानाच्या पंजावर कधीच जाऊ नये. आपल्या शेतातल्या कपाशीला पंजा असतो, बांधावरच्या एरंडालाही असतो. रोप ओळखताना पान फांदीला कसं जोडलंय ते आधी बघावं, आणि मिळालं तर बी बघावं. मेपलचं बी जुळं असतं, दोन पंखांचं.

लाल झाडाची ओढ मलाही आहेच, पण ती जपानहून आलेली नाही. वडील शिक्षक होते आणि त्यांची बदली धडगावला झाली होती. तळोद्याहून चांदसैली घाटातून एस.टी. वर चढायची. होळीचे दिवस असले की रस्त्यात ढोलांचे आवाज, काठीच्या राजवाडी होळीला निघालेली माणसं. डोंगर सगळा वाळलेला, सागाच्या नुसत्या काठ्या उभ्या, पळसाचा केशरी भडका. आणि त्यात मध्येच एखादं डेरेदार झाड अंगभर लालबुंद. मला ती फुलं वाटली. वडिलांनी सांगितलं, "ती पानं आहेत. कुसुंब आहे तो."

त्यानंतर कुसुंब मला जागोजागी भेटत गेला. आमच्या घरचं मुसळ कुसुंबाचं होतं. इतकं कठीण आणि जड लाकूड की तेलाच्या घाण्याला आणि बैलगाडीच्या आखाला लोक हेच शोधत. बियांचं तेल आई खरजेवर लावायची. पावसाळ्याच्या तोंडाला त्याची बोराएवढी फळं पिकली की साल फोडून आतला आंबट गर आम्ही चोखायचो आणि दात आंबले तरी थांबायचो नाही. लाखेचे किडे पोसणाऱ्या झाडांत पळस आणि बोर आहेत, पण कुसुंबावरची लाख सगळ्यांत सरस मानतात.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा कुसुंब रिठ्याच्या कुळातला, लिचीचा भाऊबंद, हे कळलं. मेपलला तेव्हा आमच्या पुस्तकात वेगळं कुळ होतं. पुढे १९९८ साली जनुकांच्या आधारे फुलझाडांचं नवं वर्गीकरण आलं आणि मेपललाही रिठ्याच्या कुळात घेतलं गेलं. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. मला हा योग फार आवडतो. ज्या झाडासाठी लोक परदेशाकडे डोळे लावून बसतात, त्याचं नातलग आमच्या अक्राणीच्या डोंगरात उभं आहे.

दोघांच्या लालीत मात्र फरक आहे. मेपल लाल होतो तो पानगळीच्या आधी, जाताना. कुसुंब लाल होतो तो चैत्राच्या सुमारास, कोवळा असताना. पानातलं हिरवं द्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं, तोवर हे लाल रंगद्रव्य कोवळ्या पानाला उन्हापासून जपतं. आमच्याकडच्या उन्हाला असंच झाड हवं.

धडगावकडच्या एका शेतकरी दादांनी आपल्या बांधावरच्या झाडाखालच्या बिया दिल्या आणि गच्चीवर माझं कुसुंबाचं रोप सुरू झालं. ताज्या बिया रुजतात. ठेवून दिल्या की त्यांचा जोर जातो. रोप वर आलं की ओळख पटवून घ्यावी, कारण कुंडीत कुठूनही बी येऊन पडतं. कुसुंबाचं पान संयुक्त, त्यात पर्णिकांच्या दोन ते चार जोड्या, आणि शेंड्याची जोडी सगळ्यांत मोठी. करंजाच्या पानाला टोकाशी एक एकटी पर्णिका असते, कुसुंबाला नसते. करंजापासून वेगळं ओळखायला एवढी एक खूण पुरते.

बॉन्सायसाठी वळण लावायचं ते खोड बोरूएवढं असताना. नंतर हे लाकूड ऐकत नाही. अ‍ॅल्युमिनियमची तार सैलसर गुंडाळायची, रोज नजर ठेवायची आणि सालीत रुतायच्या आत कापून काढायची. उलगडत बसलं तर फांदी मोडते. सोटमूळ पहिल्यांदा कुंडी बदलतानाच आखूड करायचं, म्हणजे बाजूची मुळं बुंध्याभोवती पसरतात आणि झाड जमिनीला धरून उभं वाटतं. हे काम माघ-फाल्गुनात, नवी पालवी फुटायच्या आधी. आमच्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून मी चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा जास्त घालते, माती आणि शेणखत कमी. मे महिन्यात हिरव्या जाळीखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. कुसुंबाचं पान मोठं असतं. शेंडे खुडून ते थोडं लहान होतं, पण मेपलसारखं नाजूक होत नाही. म्हणून तळहातावर मावेल असं झाड त्याचं करू नये. दोन-अडीच फुटांचं, भरदार, मोकळ्या माळावर उभं असल्यासारखं करावं. वाढही सावकाश. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. त्याला १६२५ पासून वळण दिलं जातंय. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबात तो पिढ्यान्‌पिढ्या होता, १९४५ च्या अणुबॉम्बमधून वाचला आणि १९७६ साली त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. बॉन्साय एका माणसाच्या हयातीचं काम नसतंच. माझ्या कुसुंबाला आता सून पाणी घालते. तार कधी काढायची हे तिला माझ्याआधी कळतं.

सातपुड्यात कुसुंब पूर्वीइतके दिसत नाहीत. बॉन्सायच्या नादात जंगलातलं जुनं, वाकडं, तयार झाड मुळासकट उपटून आणणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातली बहुतेक झाडं कुंडीत मरतात. तेव्हा तोरणमाळला किंवा मोलगीकडे गेलात तर रोपाला हात लावू नका. आषाढात झाडाखाली पडलेली चार फळं उचला, तीही झाड ज्याच्या बांधावर आहे त्याला विचारून. दोन बिया कुंडीत लावा आणि दोन तिथेच, बांधाच्या मातीत पुरून या.