सवलत अर्जात नको, नोंदीत हवी

धूर सोडणाऱ्या जुन्या गाडीवर कर असावा, याला माझा अजिबात विरोध नाही. धावड्यात राहून मी लोकांच्या गाड्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. नोंदणीचे नूतनीकरण, गाडी नावावर करणे, बँकेचा बोजा उतरवणे, वारीच्या गाडीचा टोलमाफीचा पास, अशी सगळी कामे त्यात येतात. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते मांडण्यासाठीच हे लिहितो आहे. प्रदूषण करातली सूट अर्ज करून मागायची ठेवली, की ती गरजवंताला मिळत नाही. ज्याला अर्ज करता येतो, त्याला मिळते. म्हणून सूट द्यायचीच असेल तर ती गाडीच्या सरकारी नोंदीवरून आपोआप मिळाली पाहिजे. आणि नोंदीत जे लिहिता येत नाही, त्या कारणासाठी सूट ठेवूच नये.

अजिंठ्याच्या डोंगररांगांजवळच्या भोकरदन तालुक्यातल्या गावाला शहरांच्या प्रदूषण कराशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे बरेच आहे. महाराष्ट्रात 2010 पासून पर्यावरण कर आहे. खासगी गाडी पंधरा वर्षांची आणि व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की तो लागू होतो. सुरुवातीच्या दरांनुसार पाच वर्षांसाठी दुचाकीला 2,000, पेट्रोल मोटारीला 3,000 आणि डिझेल मोटारीला 3,500 रुपये भरावे लागत. त्यावर नूतनीकरणाचे केंद्राचे शुल्क वेगळे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ते दुचाकीला 2,000 आणि हलक्या मोटारीला 10,000 रुपये केले. शिवाय आमचे जिल्ह्याचे ठिकाण, जालना, राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीतल्या प्रदूषित शहरांत मोडते. हवेच्या नावाने उद्या जालन्यात गाड्यांना प्रवेशशुल्क लागले, तर मोसंबी घेऊन बाजारात जाणारा टेम्पो आणि पेशंटला दवाखान्यात नेणारी जुनी जीप, दोघांनाही शुल्कातल्या सवलतीचा प्रश्न पडेल. त्या वेळी नियम कसा लिहिला जाईल, याचा विचार आजच व्हायला हवा.

सूट मागणे खेड्यातल्या माणसाला किती जड जाते, ते अर्जाच्या पडद्यावरच दिसते. गाडीचा क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक टाकले की ओटीपी जातो तो नोंदीतल्या मोबाइलवर. पण खेड्यातली जुनी गाडी दोन-तीन हातांतून फिरलेली असते. आरसी बुकावर पहिल्या मालकाचे नाव, मोबाइल असलाच तर शोरूमवाल्याने किंवा एजंटाने तेव्हा दिलेला, बोजा फिटून वर्षे झाली तरी फायनान्स कंपनीचे नाव कायम, आणि कधी कधी मूळ मालक वारलेला. आता सूट हवी असेल तर आधी गाडी नावावर करायची. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30, विकणाऱ्याची सही, बोजा असेल तर फॉर्म 35 आणि कंपनीचे ना-हरकत पत्र. मालक वारला असेल तर वारसांची संमती. एवढे जमवून भोकरदन ओलांडून जालन्याला जायचे, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो, भाडे लागते आणि बहुतेक वेळा एजंटाचे पैसेही जातात. सुटीच्या रकमेपेक्षा ती मिळवण्याचा खर्च वाढला की माणूस एक तर गुपचूप कर भरतो, नाही तर कागदपत्रांविना गाडी चालवत राहतो. शहरातल्या ट्रान्स्पोर्ट कंपनीकडे याच कामाला माणूस नेमलेला असतो. तिची सूट कधी हुकत नाही. नियम दोघांना सारखाच असतो, पण फळ सारखे मिळत नाही.

अर्ज आणि तपासणी यांवर टेकलेली सूट किती दिवस टिकते, याचा देशातला मोठा दाखला दिल्लीचा आहे. एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांवर पर्यावरण भरपाई शुल्क लावले. हलक्या गाडीला 700 आणि तीन आसांच्या ट्रकला 1,300 रुपये. त्याच वर्षी डिसेंबरात ते दुप्पट करून 1,400 आणि 2,600 केले. अन्नधान्य, भाजीपाला, फळे, दूध अशा जीवनावश्यक मालाच्या गाड्यांना मात्र माफी होती. हेतू चांगला होता. पण ताडपत्रीखाली मोसंबी आहे की आणखी काही, हे गाडी थांबवून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे नाक्यावर रांगा लागत आणि रांगेतली इंजिने चालूच राहत. ज्या धुरासाठी शुल्क लावले, तोच धूर सुटीच्या तपासणीने वाढला. अखेर दिल्ली महापालिकेने हीच अडचण न्यायालयापुढे ठेवली आणि सप्टेंबर 2025 च्या शेवटी न्यायालयाने ही माफी काढून घेतली. माल पोचवणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने मी बोलतो, तरी हा निर्णय मला बरोबर वाटतो. आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरची परराज्यात जाते, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे हा विषय आमच्या दारचाच आहे. तरीही गाडीत काय भरले आहे, हे कारण नोंदीत बसत नाही. ते दर फेरीला बदलते. त्यावर सूट ठेवली की प्रत्येक फेरी तपासावी लागते, आणि तपासणारा जिथे आला तिथे विलंब आणि चिरीमिरी, दोन्हींना वाट मिळते.

मग शेतकऱ्याचे काय? इथे हिशोब करून बघावा. 2015 च्या दराचे 2,600 रुपये शुल्क दहा टन मालावर वाटले तर किलोमागे 26 पैसे पडतात. तेवढ्याने भाव कोसळत नाही. पण दिल्लीजवळच्या शेतकऱ्याने दीड टन भाजी पिकअपमध्ये नेली, तर 1,400 रुपयांचे किलोमागे 93 पैसे होतात. म्हणजे लहान गाडीवर, पर्यायाने लहान शेतकऱ्यावर, किलोमागे साडेतीन पट भार. हा अन्याय मालाची तपासणी करून मिटत नाही. तो दराच्या तक्त्यातच मिटवता येतो. गाडीचे वजन, आस, इंधन, धुराचे बीएस मानक, हे सगळे गाडीच्या नोंदीत धरता येते. त्यावरून लहान आणि कमी धुराच्या गाडीला दर कमी ठेवला, तर कुणालाही नाक्यावर काही सिद्ध करत बसावे लागणार नाही.

नोंदीवरून मिळणारी सूट चालते, याचे दाखलेही आहेत. लंडनमध्ये जुन्या, जास्त धुराच्या गाड्यांना रोज 12.50 पौंड द्यावे लागतात, आणि 29 ऑगस्ट 2023 पासून हा नियम तिथल्या सगळ्या 32 बरोंना लागू आहे. तिथे नाका नाही. कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि गाडीची सरकारी नोंद बघतो. ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या करवर्गात नोंदलेल्या गाडीला ऑक्टोबर 2027 पर्यंत माफी आहे आणि चाळीस वर्षांवरच्या ऐतिहासिक वर्गातल्या गाडीलाही आहे. त्यासाठी मालकाला अर्ज करावा लागत नाही. बाहेरच्या देशातल्या गाडीला मात्र आधी नोंद करावी लागते, कारण तिची माहिती तिथल्या सरकारकडे नसते. आपल्याकडेही याची सुरुवात झालेली आहे. नूतनीकरणाच्या केंद्राच्या तक्त्यात अपंगांसाठीच्या गाडीला फक्त 100 रुपये लावले आहेत. 2020 पासून नोंदणीच्या फॉर्म 20 मध्ये मालकी ‘दिव्यांगजन’ म्हणून लिहिण्याची सोय आहे. जानेवारी 2021 च्या केंद्राच्या हरित कराच्या प्रस्तावात ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि टिलर यांना, तसेच विजेच्या आणि सीएनजीच्या गाड्यांना वगळले होते. हे वगळणे गाडीचा वर्ग आणि इंधन बघून केलेले होते, म्हणून त्यात ट्रॅक्टरवाल्याला कुणाची मनधरणी करावी लागली नसती. मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या गाड्यांचा टोल बंद झाला, तेव्हाही गाडीचा वर्ग हाच एक निकष होता. धावड्याहून मुंबईच्या केईएम रुग्णालयात पेशंट नेणाऱ्याला एकही फॉर्म भरावा लागला नाही.

मात्र नोंद असणे पुरेसे नाही, वसूल करणाऱ्याने ती वाचली पाहिजे. राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली गेली. ऑगस्टमध्ये अंमल सुरू झाला, तरी अनेकांच्या फास्टॅगमधून पैसे कापले जातच राहिले. गाडी विजेची आहे हे आरसीवर लिहिलेले होते, पण टॅगच्या यंत्रणेला ते माहीत नव्हते. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना आठ दिवसांत अंमलबजावणी करून वसूल केलेला टोल परत करा, असे निर्देश द्यावे लागले. नव्या, महागड्या गाडीच्या मालकाला हक्काची सूट मिळण्यासाठी विधानसभेत प्रश्न यावा लागतो. मग वीस वर्षांहून जुनी एम-एटी दुचाकी चालवणाऱ्याची दाद कोण घेणार?

यावर पहिला आक्षेप लबाडीचा असतो. सूट आपोआप मिळाली तर लोक गाडी दिव्यांग नातेवाइकाच्या नावावर करतील, असे म्हणतात. काही जण करतीलही. पण लबाडीला जास्त वाव कागदी दाखल्यात असतो, कारण दाखला प्रत्येक टेबलावर नव्याने दाखवावा लागतो आणि प्रत्येक टेबलावर फसवता येतो. नोंद एकदाच तपासली जाते. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राशी जोडून एका व्यक्तीला एकच गाडी ठेवली तर दुरुपयोग लगेच उघडा पडतो. दुसरा आक्षेप असा, की धूर कुणाचाही असो, छातीत सारखाच जातो, मग कुणालाच सूट का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. माझे उत्तर असे, की सूट मोजक्याच वर्गांना असावी, मुदतीची असावी आणि मुदत संपेपर्यंत गाडी बदलायला मदत मिळावी. जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढून नवी घेणाऱ्याला राज्य सरकार करात सवलत देते, ही योग्य दिशा आहे. मात्र जो नवी गाडी घेऊच शकत नाही, त्याच्या हाती त्यातून काही पडत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि तो मी रोज बघतो. नोंदीच चुकलेल्या आहेत, त्यावर सूट कशी उभी करणार? सातबाऱ्यावर नाव चुकले तर पीकविमा अडतो, तसेच हे आहे. पण चुकलेली नोंद हे अर्ज चालू ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. ते नोंद दुरुस्त करण्याचे कारण आहे. अर्ज दर वेळी करावा लागतो, दुरुस्ती एकदाच. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, बसवताना राज्यातल्या जुन्या गाडीवाल्यांनी चेसिस आणि इंजिन क्रमांक, मोबाइल, सगळे भरून दिले. त्याच वेळी गाडी खरी कुणाकडे आहे, मालक दिव्यांग आहे का, बोजा फिटला आहे का, एवढे विचारून घेतले असते तर निम्मे काम झाले असते. पुन्हा अशी संधी पर्यावरण कर भरताना येतेच. राहता राहिल्या थोड्या दिवसांच्या सवलती. आषाढी वारीच्या दिंडीच्या गाड्यांना आणि गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास द्यावा लागतो, कारण ते कारण वर्षभराचे नसते. तिथे अर्ज ठेवावा, पण तो जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीत व्हावा आणि त्याच दिवशी निकाली निघावा.

परिवहन खात्याला आणि उद्या अशी शुल्के ठरवणाऱ्या महापालिकांना माझी तीन कामांची मागणी आहे. शुल्काचा पहिला रुपया घेण्याआधी तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी नोंददुरुस्तीची शिबिरे घ्या, आणि त्या शिबिरांत गाडी नावावर करण्याचा विलंबदंड माफ करा. सुटीचे निकष आरसीवर दिसतील एवढेच ठेवा. आणि चुकून पैसे कापले गेले तर ते मालकाने न मागता परत करा. गाववाल्यांनाही सांगणे आहे. गाडी विकत घेतली की लगेच नावावर करा, मोबाइल क्रमांक बदलला की नोंदीत बदला, कर्ज फिटले की बोजा उतरवा. पुढची प्रत्येक सूट त्या नोंदीवरच ठरणार आहे.