टायर किती पुरतो?

माझ्या मोटरसायकलचा मागचा टायर ३२ हजार किलोमीटर चालला, हे मी भेटेल त्याला सांगायचो. ऑफिसात कुणी नवा टायर टाकला की मुद्दाम विचारायचो, "जुना किती चालला?" पंधरा-अठरा हजार असं उत्तर आलं की मी खूश! ही बढाई आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. घरातली वस्तू किती छान आहे यापेक्षा ती किती वर्षं टिकली याचंच कौतुक जास्त. आईचा प्रेशर कुकर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, आता बोला.

तर झालं असं. २०२४ च्या जूनमध्ये मी आणि माझी लेक (तेव्हा वय वर्षं ११) पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला निघालो होतो, अण्णा-आईकडे. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. निघायच्या आठवडाभर आधी हवा भरताना आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला होता, "साहेब, मागचा बदलून टाका आता." मी वाकून बघितलं. नक्षी होती की अजून! अगदी गोटा झालेला नव्हता. म्हटलं, "दोन-तीन हजार निघतील रे आरामात." तो काही बोलला नाही. गिऱ्हाईक शहाणं असलं की तो बोलत नाही.

मुळशीपर्यंत मजेत गेलो. भुट्टा खाल्ला, फोटो काढले. ताम्हिणी गाव मागे टाकून घाट उतरायला लागलो. एका डाव्या वळणावर मी मागचा ब्रेक दाबला... जोरात नाही, नेहमीसारखाच. वेग असेल तीसच्या आसपास. आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. साबणावर पाय पडावा तसं. पुढच्या क्षणी गाडी आडवी आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या गवतात.

दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. मागून गाडी येत नव्हती. माझा गुडघा सोलवटला, लेकीचा तळहात खरचटला. बस, एवढंच. पण ती उठून उभी राहीपर्यंतचे जे तीन-चार सेकंद होते, ते अजून अधूनमधून रात्री येतात.

माणगावला पोचल्यावर अण्णांनी आधी नातीचा हात बघितला, मग माझा गुडघा, आणि मग काही न बोलता गाडीकडे गेले. अण्णा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. मागच्या टायरवरून हात फिरवला, अंगठ्याचं नख रबरात दाबून बघितलं. नख रुतलंच नाही. मग चष्मा लावून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. ०९१८.

"२०१८ सालचा नववा आठवडा," अण्णा म्हणाले. "सहा वर्षं झाली याला. हा टायर राहिला नाही, लाकूड झालंय."

मी म्हटलं, "अण्णा, नक्षी आहे ना अजून."

"नक्षी पाणी बाहेर काढायला असते रे. रस्ता धरतं ते रबर."

इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण हे मला माहीत नव्हतं. पुण्याला परत आल्यावर वाचायला लागलो. मोटरसायकलचा एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेवर. आपण, आपली गाडी आणि मागे बसलेलं आपलं माणूस, सगळं अशा दोन तळहातांवर चाललेलं असतं. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरतं, म्हणून पकड चांगली. पण त्याच कारणानं ते लवकर झिजतं. कडक रबर कमी झिजतं, पण रस्ता तितकासा धरत नाही, ओल्यात तर नाहीच. शर्यतीच्या गाड्यांचे टायर इतके मऊ असतात की शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या एका शर्यतीपुरतेच. आणि रबर नुसतं झिजत नाही, म्हातारंही होतं. ऊन आणि हवा लागून लागून कडक होत जातं. गाडी कमी चालवली की टायर जास्त टिकतो ही आपली समजूत. झिजत नाही हे खरं, पण वय थांबत नाही. करोनाच्या काळात माझी गाडी महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये उभी होती. तेव्हाही माझा 'टिकाऊ' टायर म्हातारा होतच होता.

त्यात उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणजे जिथं पकड आधीच कमी, तिथंच मी लाकूड लावून बसलो होतो.

मग टायरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन टायर पुढ्यात ठेवले. एक कडक, २४०० रुपये, "तीस हजार कुठं गेले नाहीत." दुसरा मऊ, ३६०० रुपये, "पंधरा हजार धरा." मी सवयीनं हिशेब केला. पहिला किलोमीटरला ८ पैसे, दुसरा २४ पैसे. तिप्पट! जीव कळवळला. मग पुढचा हिशेब केला, जो आधी कधीच केला नव्हता. माझं वर्षाचं रनिंग साडेपाच हजाराच्या आसपास. १६ पैशांचा फरक म्हणजे वर्षाला ८८० रुपये. महिन्याचे ७३. या ७३ रुपयांच्या बचतीसाठी मी... असो.

दुकानातूनच अण्णांना फोन लावला. वाटलं होतं, महागातला घे म्हणतील. ते म्हणाले, "आम्ही मागच्या चाकांना रिमोल्ड वापरायचो, वर्षानुवर्षं. त्यात कमीपणा नाही. पण पुढच्या चाकाला रिमोल्ड कधीच नाही. कुठं पैसे वाचवायचे आणि कुठं नाही, एवढं कळलं की झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांची काटकसर म्हणजे सगळंच टिकवणं, असं मी आयुष्यभर समजत आलो. त्यातला 'पुढचं चाक सोडून' हा भाग मी ऐकलाच नव्हता.

शेवटी मागे मधला मार्ग निवडला. मधोमध कडक आणि कडांना मऊ रबर असलेला टायर मिळतो. रोजचं ऑफिस सरळ रस्त्यानं, तिथं मधला भाग झिजतो. घाटात गाडी कलते तेव्हा कडा कामाला येतात. पुढे मात्र सरळ मऊ टायर टाकला, त्याच कंपनीचा. ब्रेकचं बहुतेक काम पुढचं चाक करतं आणि ते झिजतंही सावकाश, तिथं कंजूषपणा कशाला? दोन्हींवरचे चार आकडे दुकानदाराकडून वाचून घेतले. पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवली, कारण कोऱ्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. आता हवा दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना. जास्त भरली तर मधूनच झिजतो, कमी असली तर कडेनं आणि वर तापतो.

जुना टायर पंक्चरवाल्याकडे ठेवून आलो. तो हसला, पण बोलला नाही. मीच म्हटलं, "तू सांगितलं होतंस."

लेक त्यानंतर चार महिने माझ्या मागे बसली नाही. मीही आग्रह केला नाही. दिवाळीत माणगावला जायचं ठरलं तेव्हा ती स्वतःच खाली आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, चला."