मातीवरून गादीवर

मेढा, श्रावण. ताक, तेल आणि हळद घालून कालवलेली हौद्यातील तांबडी माती पायांखाली दबत असता मल्ल ज्या निर्धास्तपणे ढाक मारतो, तो निर्धास्तपणा गादीवर तसाच नेता येत नाही. मान मुरगळण्याचे भय मात्र उभय ठिकाणी कायम असते. आमच्याच जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, ते अशाच अपरिचित गादीवर. आणि त्या पराभवाने खचून न जाता, वरच्या वजनगटात उतरून, १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक हस्तगत केले. मधल्या चार वर्षांतील त्या अबोल मेहनतीविषयी मला पदकाहूनही अधिक आदर वाटतो. तालमीतल्या पोरांसाठी गादीची तजवीज करावी म्हणतो. पडतील, पण हनुवटी छातीशी घेऊन पडायला शिकतील.