भिंतीवरचे चौघे

लाल त्रिकोण आणि आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे: साठच्या दशकाच्या अखेरीपासून कुटुंबनियोजनाचे हे चित्र दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवले गेले. सरकारी कार्यक्रम १९५२ पासूनचा. वाचता न येणाऱ्यांना तो कळला या चित्रातून. मुले थोडी असावीत, हे चित्र उघड सांगे. त्या थोड्यांत एक मुलगा असतोच, हे न बोलता.

प्रस्तुत लेखिकेचे घर त्या चित्रात बसत नव्हते. ती तिसरी मुलगी. तिच्या जन्मानंतर नर्सबाईंनी आईला तांबी सुचवली. तांबी वर सरकून काळजात जाते, असे शेजारणीने सांगितले, आणि नर्सबाईंच्या खेपा वाया गेल्या. रेडिओही रोज समजावत असे. पण रेडिओला उलट विचारता येत नसे, शेजारणीला येई.

वडिलांपुढे तर विषयच निघत नसे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी धाकदपटशाने. आणीबाणी उठली, शब्दाला चिकटलेली दहशत उठली नाही. घरात बायकांचे ते ‘ऑपरेशन’, पुरुषांची ती ‘नसबंदी’. भार बायकांवर आला तो तसाच राहिला: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर विसंबणारी जोडपी सुमारे ३८ टक्के, पुरुषाच्या ०.३ टक्के.

१९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोतील मालिकांच्या धर्तीवर, कुटुंबनियोजन डोळ्यांपुढे ठेवूनच ती आखली होती. सुरुवातीचा उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, तो कमी करावा लागला. उरली पाच मुलांच्या घरातली ओढाताण, आणि नेमकी तीच आजीला भिडली. शेजारच्यांकडे मालिका पाहून परतताना ती म्हणाली, “दोन ल्योक हायेत की त्या घरात. काय दिवे लावले?” नातवाचा हट्ट तिने त्या रात्री सोडला असे नाही, नवसाचे बोलणे मात्र कमी झाले.

निकाल लावला तो जावेने. बिनटाक्याचे ऑपरेशन करून आलेली काकू आईने शेतात खुरपताना पाहिली. मग पुढच्या शिबिराला आई तिच्याच सोबतीने गेली, तिन्ही मुलींना आजीपाशी ठेवून. वडील सहीपुरते आत आले आणि बाहेर लाल त्रिकोणाखाली बिडी ओढत बसले.